हौसेची गाडी आणि दुकानाचे भांडवल

आमच्या खालापूर तालुक्याचे रूप गेल्या पंचवीस वर्षांत पार बदलून गेले. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उद्यान सुरू झाले. कर्जतच्या बाजूला फार्महाऊसवर फार्महाऊस उभी राहिली. आता शनिवार उजाडला की खालापूरच्या टोलनाक्यावर मुंबईच्या मोटारींच्या रांगा लागतात. आमची मुले दुकानाच्या गल्ल्यावर बसून हे सारे पाहत असतात आणि साहजिकच त्यांच्याही मनात येते की आपल्या घरी अशी एक मोठी गाडी का नसावी?

परवा माझा भाचा असाच एक कागद घेऊन आला. म्हणाला, "मामू, आता फिरते घर मिळते. आत पलंग, शेगडी, संडास, सगळे. शासनानेसुद्धा त्याला परवानगी दिली आहे." त्याचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. पण धोरण जाहीर होणे वेगळे आणि आपल्या खिशाला परवडणे वेगळे. मी त्याला इतकेच म्हणालो, "बेटा, फिरते घर राहू दे. साधी आठ आसनांची गाडी धर आणि तिचा हिशेब माझ्यासमोर मांड." हिशेब मांडता मांडता दुपारच्या नमाजची वेळ झाली. तो हिशेब व्यापारी बंधूंच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हौस करणे वाईट नाही. बायकामुलांना वर्षातून चार दिवस बाहेर न्यावे, म्हाताऱ्या आईवडिलांना आरामात प्रवास घडवावा, कोकणातल्या नातेवाइकांच्या लग्नाला सगळ्या कुटुंबाने मिळून जावे, हा घरच्यांचा हक्कच आहे. जो व्यापारी रात्रंदिवस गल्ल्यावर बसतो आणि घरच्यांना कधी समुद्र दाखवत नाही, त्याची मी तारीफ करणार नाही. प्रश्न एवढाच आहे की ही हौस कोणत्या पैशातून करायची आणि तिची खरी किंमत काय.

किंमत आणि खर्च यांतला फरक

शोरूममध्ये गाडीवर जी चिठ्ठी लावलेली असते ती किंमत. आपल्या खिशातून जे जाते तो खर्च. कापडाच्या धंद्यात हा फरक आपण बरोबर ओळखतो. मुळजी जेठा मार्केटमधून ताग्याचा भाव काय लागला हे सांगणारा व्यापारी हमाली, गाडीभाडे, तूट, उधारीचे दिवस असे सगळे धरूनच पडता काढतो. गाडीच्या बाबतीत मात्र तोच हुशार माणूस चिठ्ठीवरचा आकडा पाहून मोकळा होतो.

समजा, डिझेलवर चालणारी आठ आसनी गाडी आहे आणि शोरूमची किंमत १५ लाख आहे. हा आकडा केवळ हिशेबासाठी धरला आहे. आपापल्या गाडीचा आकडा वाचकांनी घालावा. या १५ लाखांतच जीएसटी आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर हा कर १८ टक्के आणि मोठ्या मोटारींवर ४० टक्के आहे. म्हणजे मोठ्या गाडीच्या १५ लाखांत सव्वाचार लाखांहून जास्त रक्कम कराची झाली. त्यावर महाराष्ट्रात एकरकमी वाहन कर. व्यक्तीच्या नावावर डिझेल मोटार असेल आणि किंमत १० ते २० लाखांच्या दरम्यान असेल तर हा कर १४ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर रक्कम करात गेली. ती पुन्हा कधी दिसणार नाही.

यापुढे नोंदणी, नंबरप्लेट, फास्टॅग वगैरे किरकोळ ५ हजार धरा. पहिल्या वेळचा विमा ७० हजार धरा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, म्हणून ही पहिली रक्कम मोठी असते. शिवाय १० लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का आयकर गोळा करतो, ते १५ हजार. हे मात्र विवरणपत्रात दाखवले की वळते होतात. बरेच जण दाखवायला विसरतात. या सगळ्यांची बेरीज १८ लाख रुपये झाली. गाडी अजून दारातसुद्धा आलेली नाही.

उभ्या गाडीचा खर्च

आता गाडी दारात आली. चालवली नाही तरी ती खाते. पाच वर्षांची सरासरी काढली तर विमा वर्षाला ४५ हजार, सर्व्हिसिंग २० हजार, टायर ८ हजार, बॅटरी अडीच हजार, जागेचे भाडे १२ हजार, धुणे-पुसणे, प्रदूषण तपासणी आणि किरकोळ दुरुस्ती ५ हजार. हे झाले ९२ हजार ५००.

सर्वात मोठा खर्च मात्र कोणाच्या वहीत लिहिलेला नसतो. तो म्हणजे घसारा. विमा कंपन्यांच्या नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे गाडीची किंमत सहा महिन्यांनंतर १५ टक्के, एक वर्षानंतर २० टक्के, दोन वर्षांनंतर ३० टक्के, तीन वर्षांनंतर ४० टक्के आणि चार वर्षांनंतर ५० टक्के घटवून धरली जाते. म्हणजे पाच वर्षांनी १५ लाखांची गाडी साडेसात लाखांना गेली तर नशीब चांगले म्हणायचे. विमा आणि परत मिळणारा आयकर वगळून आपण १७ लाख १५ हजार घातले होते. साडेसात वजा केले तर ९ लाख ६५ हजार बुडाले. वर्षाला १ लाख ९३ हजार.

दोन्ही मिळून वर्षाला २ लाख ८५ हजार ५०० रुपये. यात डिझेलचा एक थेंब नाही, टोलचा एक रुपया नाही.

आता हातावर बोटे मोजून सांगा, आपण वर्षात किती दिवस सहकुटुंब फिरायला जातो? दोन लग्ने, ईदनंतरचे दोन-तीन दिवस, मुलांच्या सुट्टीत आठवडाभर, मधूनमधून एखादा रविवार. फार तर २५ दिवस. २ लाख ८५ हजार ५०० ला २५ ने भागले तर एका दिवसाचे ११ हजार ४२० रुपये पडतात. भाड्याची गाडी ड्रायव्हर आणि डिझेल धरून दिवसाला ६ हजारांना मिळाली असे समजा. स्वतःच्या गाडीला दिवसाला २५० किलोमीटर चालवायला २१ लिटर डिझेल लागेल. लिटरला ९० रुपये धरले तर १ हजार ८९०. म्हणजे स्वतःच्या गाडीमुळे दिवसाला ४ हजार ११० वाचतात. वार्षिक खर्च या बचतीतून भरून काढायचा तर गाडी वर्षातून ७० दिवस फिरली पाहिजे. आमच्यातील कोणता दुकानदार वर्षातून ७० दिवस दुकान बंद ठेवून फिरतो?

माझी स्वतःची चूक

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. २००७ साली पावसाळ्याच्या तोंडावर मी स्वतः दहा आसनी गाडी घेतली. किंमत सहा लाखांच्या आसपास होती. त्या वर्षी रमजान सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होणार होता आणि ईदच्या मालासाठी बाजूला ठेवलेली रक्कम माझ्याजवळ तयार होती. मनात विचार आला की माल तर उधारीवरही मिळतो, गाडी आता घेऊन टाकू. आमची पेढीवर पत होती, त्यामुळे माल मिळाला. पण रोखीवर मिळणारा वटाव गेला. चांगल्या रंगांचे तागे रोखीवाल्यांनी आधीच उचलले होते. माझ्या वाट्याला उरलेला माल आला. ईदच्या आदल्या आठवड्यात गिऱ्हाईक दुकानात येई, थान उलगडून पाही आणि शेजारच्या दुकानात जाई. तो सीझन माझ्या हातून गेला आणि पेढीची उधारी फेडता फेडता पुढची लग्नसराईसुद्धा लंगडी झाली.

आणि गाडी? आमच्या भागातला पाऊस आपणास ठाऊक आहे. माथेरानच्या पायथ्याची ही पट्टी चार महिने धुऊन निघते. गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. उंदरांनी वायर कुरतडल्या, बॅटरी दोनदा उतरली, आतल्या गाद्यांना बुरशी आली. चार वर्षांत ती १९ हजार किलोमीटर चालली, त्यातही अर्धे फेरे दुसऱ्यांच्या कामाचे. कोणाला इस्पितळात न्यायचे आहे, कोणाच्या वरातीला गाडी हवी आहे. नाही म्हणता येत नव्हते आणि डिझेलचे पैसे मागायची लाज वाटत होती. २०११ साली ती पावणेतीन लाखांना विकली. गाडीत किंवा तिच्या कंपनीत खोट नव्हती. खोट माझ्या इराद्यात होती. मी मालाचा पैसा हौसेला लावला.

व्याज आणि हप्ता

काही जण म्हणतील की रोख कशाला द्यायची, हप्त्याने घेऊ. येथे आमच्यासाठी पहिला प्रश्न दीनचा आहे. जो व्याजापासून दूर राहू इच्छितो त्याने निदान हौसेच्या वस्तूसाठी तरी व्याजाच्या दारात पाऊल टाकू नये. घर, दवाखाना, शिक्षण यांची लाचारी एकवेळ समजू शकते. पिकनिकची लाचारी नसते.

ज्यांना हा प्रश्न तितका महत्त्वाचा वाटत नाही त्यांनी निदान हिशेब तरी पाहावा. "फक्त दहा टक्के फ्लॅट" असे कोणी सांगितले की ते स्वस्त वाटते. १२ लाखांवर पाच वर्षांचे दहा टक्के म्हणजे ६ लाख. एकूण १८ लाख, दरमहा ३० हजारांचा हप्ता. पण पहिल्या महिन्यापासून आपण मुद्दलही फेडत असतो, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण १२ लाखांवर लावले जाते. घटत्या रकमेवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला १७ टक्क्यांच्या वर जातो. दहा म्हणून घेतले आणि सतरा भरले. सणासुदीच्या "शून्य टक्के" योजनेतही रोखीची सूट काढून घेतलेली असते. कापडवाल्याला ही युक्ती कोणी समजावून सांगायला नको.

नावावर घेताना

व्यापाऱ्यांत एक गैरसमज फार पसरला आहे. गाडी धंद्याच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो असे म्हणतात. ड्रायव्हर धरून तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या कराची वजावट साध्या व्यापाऱ्याला मिळत नाही. जो गाड्याच विकतो, प्रवासी वाहतुकीचा धंदा करतो किंवा गाडी चालवायला शिकवतो, त्यालाच ती मिळते. मालवाहू टेम्पोची गोष्ट वेगळी आहे. दुकानाचा माल आणण्यासाठी घेतलेल्या टेम्पोवर वजावट मिळू शकते. आयकरात मोटारीवर १५ टक्के घसारा मिळतो, पण जितका वापर धंद्यासाठी तितकाच. लग्नाला नेलेली गाडी धंद्याच्या खर्चात दाखवणे हे कायद्यानेही चूक आणि ईमानदारीनेही चूक. शिवाय महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर मोटार नोंदवली तर वाहन कर १४ ऐवजी २० टक्के लागतो. फायदा शोधायला जावे आणि नुकसान घेऊन यावे, असा प्रकार होतो.

दुसरा गैरसमज, गाडी उभी असते त्या दिवशी भाड्याने देऊ आणि खर्च काढू. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवणे परवान्याच्या नियमांविरुद्ध आहे. अशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि जखमींची भरपाई मालकाच्या डोक्यावर येऊ शकते. हजार-दोन हजारांच्या भाड्यासाठी दुकान विकण्याची वेळ येईल. हाच धोका टेम्पोत बसून वरातीला जाण्यात आहे. मालवाहू टेम्पोत चटई टाकून वीस माणसे बसवणे आमच्या भागात आजही दिसते. त्या माणसांना विमा नसतो हे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट भाच्याच्या फिरत्या घराची. कोणी म्हणेल, जुनी गाडी घेऊ आणि गॅरेजमध्ये पलंग, शेगडी बसवून घेऊ. आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ नमुन्याविरुद्ध बदल करण्यास मनाई असल्याचे सांगितले. मंजुरी नसलेला बदल विम्याच्या दाव्यातही आडवा येतो. आणि बंद गाडीत घरगुती गॅसचा सिलेंडर ठेवून रात्री झोपणे, यावर मी काय लिहू?

विमा घेताना आमच्या भागातल्या लोकांनी आणखी एक चौकशी करावी. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. पाण्यात अडकलेली गाडी चालू करण्याचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी शिरले, तर ते नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही. इंजिनासाठी वेगळे जादा संरक्षण घ्यावे लागते.

टोलचाही हिशेब नीट करावा. द्रुतगती मार्गावर १ एप्रिल २०२३ पासून मुंबई ते पुणे अंतरासाठी मोटारीला एका बाजूचे ३२० आणि मिनीबसला ४९५ रुपये ठरले. १५ ऑगस्ट २०२५ रोजी ३ हजार रुपयांना वार्षिक पास निघाला खरा, पण तो राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो. आमच्या दारातल्या द्रुतगती मार्गावर तो चालत नाही. पास घेऊन खालापूर नाक्यावर भांडत बसू नये.

मग गाडी घ्यायचीच नाही का?

घ्या, पण शहाणपणाने घ्या. माझा सल्ला असा आहे. आधी एक वर्ष गाडी न घेता तिचा खर्च भरा. वर सांगितलेल्या हिशेबाने महिन्याला सुमारे २३ हजार ८०० रुपये होतात. ते दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. फिरायला जायचे तेव्हा ओळखीच्या, परवाना असलेल्या गाडीवाल्याची गाडी भाड्याने घ्या आणि पैसे त्याच खात्यातून द्या. वर्षाच्या शेवटी खात्यात काय उरले ते पाहा. ज्याला दर महिन्याला ती रक्कम टाकणेच जमले नाही, त्याला गाडीही जमली नसती. ज्याचे वर्षभर भाडे देऊन लाख-दीड लाख उरले, त्याला भाड्यातच फायदा आहे. आणि ज्याचे खाते तर रिकामे झालेच, शिवाय जो खरोखर सत्तर दिवस फिरला, त्याने खुशाल गाडी घ्यावी.

त्यातही ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, ज्यांना दर आठवड्याला मुंबईच्या इस्पितळात जावे लागते, त्यांचा हिशेब वेगळा. तेथे गाडी ही हौस नसून जरूरत आहे. भाऊ-भाऊ मिळून घेत असतील तर आणखी चांगले, मात्र कागद करून घ्यावा. गाडी कोणाच्या नावावर, विमा कोण भरणार, दुरुस्ती कोणाकडे, विकली तर वाटणी कशी, एखाद्या भावाचा इंतकाल झाला तर वारसांचे काय. देण्याघेण्याचे लिहून ठेवावे ही तर कुरआनची शिकवण आहे. भावाभावांत लिहायचे कसले, असे म्हणणारे भाऊच पुढे बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत.

पैसा कोणता वापरायचा तेही सांगतो. जकात दिली, पेढीची उधारी चुकती झाली, पुढच्या सीझनचा माल भरण्याची रक्कम बाजूला काढली, त्यानंतर जे उरेल ते आपले. अठरा लाखांचे कापड वर्षात तीन वेळा फिरले आणि दर फेरीला शेकडा पाच निव्वळ उरले, तर वर्षाला २ लाख ७० हजार हाती येतात. तोच पैसा दारात उभा केला तर वर्षाला २ लाख ८५ हजार ५०० जातात. या दोन आकड्यांमधले अंतर साडेपाच लाखांहून जास्त आहे. ते कोणत्याही शोरूममध्ये सांगत नाहीत.

भाच्याने हिशेबाचा कागद घडी करून खिशात ठेवला. जाताना म्हणाला, "मामू, मग या सुट्टीत भाड्याची गाडी करून श्रीवर्धनला जाऊ." मी म्हणालो, "जरूर जाऊ, भाडे मी देतो." व्यापारी बंधूंनो, मुलांची हौस मोडू नका. फक्त ती आपल्या मालाच्या थप्पीखालून ओढून काढू नका. थप्पी एकदा कोसळली की पुन्हा रचायला किती वर्षे लागतात, हे मी भोगून सांगतो आहे.